पिचरचा वेग, रडार गन आणि कोपर: अमेरिकेतील कॉलेज बेसबॉलची निवड

अमेरिकेत हायस्कूलच्या पिचरला विद्यापीठाच्या संघात जागा हवी असेल, तर प्रशिक्षक सहसा सर्वांत आधी वेग विचारतात. पिचर म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. पण तो लांबून धावत येत नाही. एक लांब पाऊल आणि शरीराचा पीळ यांतूनच वेग काढावा लागतो. डिव्हिजन एकच्या मोठ्या संघांना उजव्या हाताच्या पिचरकडून ताशी ९० मैलांच्या (सुमारे १४५ किमी) आसपास वेग हवा असतो. डावखुऱ्याला थोडी सवलत मिळते.

हा वेग का लागतो, ते गणिताने पाहू. पिचरची पट्टी आणि होम प्लेट यांत १८.४४ मीटर अंतर असते. पिचर पुढे झेपावतो, त्यामुळे चेंडू सुटतो तेव्हा साधारण १६.६ मीटर उरतात. ९० मैल म्हणजे सेकंदाला ४०.२ मीटर. हवेचा रोध सोडून दिला तर चेंडू ०.४१ सेकंदात पोहोचतो. ८० मैलांना ०.४६ सेकंद लागतात. या अर्ध्या दशांश सेकंदासाठी सगळी धडपड चालते.

वेग मोजणारी रडार गन डॉप्लर परिणामावर चालते. समजा, तिची वारंवारता २४.१५ गिगाहर्ट्झ आहे. वारंवारतेतील फरक = २ × वारंवारता × चेंडूचा वेग ÷ प्रकाशाचा वेग. ९० मैलांसाठी तो सुमारे ६.५ किलोहर्ट्झ येतो. मात्र गनला चेंडूच्या वेगाचा फक्त आपल्या दिशेचा घटक दिसतो. बाजूला २० अंशांवर उभे राहिलात तर कोसाइन ०.९४, म्हणजे ९० चे ८४.६ होतात! शिवाय प्लेटपर्यंत चेंडू साधारण ८ टक्के वेग गमावतो. म्हणून आकडा कुठून आणि कोणत्या क्षणी मोजला हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. घरच्या व्हिडिओतल्या आकड्यावर प्रशिक्षक विसंबत नाहीत ते यामुळेच.

वेगाने नजर वेधली जाते, पण पुढे अचूकता आणि निदान एक भरवशाचा दुसरा चेंडू लागतो. २००८ मध्ये भारतातल्या एका स्पर्धेतून रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले, तेव्हाही वेगाबरोबर नेम पाहिला होता. गुणही लागतात: डिव्हिजन एकसाठी १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी. डिव्हिजन तीनमध्ये तर खेळाची शिष्यवृत्तीच नसते. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आल्यापासून १७ वर्षांच्या मुलाची स्पर्धा दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या २१ वर्षांच्या तयार पिचरशीही असते.

आता कोपराकडे येऊ. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चेंडू फेकताना तयार, प्रौढ पिचरच्या कोपरावर ६० न्यूटन-मीटरहून अधिक आघूर्ण येते. आतल्या बाजूचा अस्थिबंध एकटा जवळपास निम्म्यावरच तुटेल. उरलेला भार स्नायू उचलतात. स्नायू थकले की हिशेब बिघडतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरचा हा अस्थिबंध शस्त्रक्रियेने नव्याने बसवला. आज ही शस्त्रक्रिया शाळकरी मुलांवरही होते, आणि पुन्हा फेकायला वर्षभर किंवा त्याहून जास्त जाते. नेमक्या त्याच वर्षी प्रशिक्षक निवड करत असतात.

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १७-१८ वर्षांच्या पिचरने दिवसात १०५ च्या वर चेंडू टाकू नयेत, आणि ८१ किंवा जास्त टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी. अडचण मोजणीत आहे. मुलगा शाळेसाठी खेळतो, क्लबसाठी खेळतो, आणि शनिवार-रविवारी निवड-शिबिरात गनपुढे पूर्ण जोराने फेकतो. तिन्हीकडच्या वह्या वेगळ्या असतात. बेरीज करायची तर ती मुलाने किंवा घरच्यांनीच करावी लागते.