बहिरमच्या पडद्यापासून ट्रॅप कॅमेऱ्यापर्यंत

मेळघाटातल्या सेमाडोहला सिपना नदीच्या अंगाला एक कोरकू घर आहे. त्याच्या ओसरीत एक फोटो टांगलेला आहे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर धबधबा आणि आभाळात विमान. पुढे प्लायवूडचा वाघ आणि त्या वाघाच्या पाठीवर हात ठेवून ताठ उभा असलेला तरुण. नव्या सदऱ्याच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. त्या तरुणाचा मुलगा आज जंगलात वनमजुरी करतो. मी फोटोकडे बघत राहिलो तेव्हा तो म्हणाला, "माह्या बापानं लय वाघ पाह्यले, भाऊ. पन वाघासंगं फोटो हा एकच."

फोटो बहिरमच्या यात्रेतला. डिसेंबरअखेर सुरू होऊन महिनाभर चालणारी ही यात्रा लोकांच्या लक्षात राहते ती हंडीतल्या मटणामुळे आणि रोडग्यांमुळे. माझ्या लेखी मात्र ती वऱ्हाडातली वार्षिक फोटोजत्राच होती. कापडी राहुटी, आत पडदा, खांबाला दोरीनं बांधलेला कंगवा, आरसा आणि ज्याच्याकडे नसेल त्याला अंगात घालायला एक कोट. माणूस आयुष्यात दोन-तीनदाच फोटो काढायचा, म्हणून श्वास रोखून उभा राहायचा. ते उभं राहणं आता कुठल्याच फोटोत दिसत नाही.

जगात आज फोटोंच्या मोठमोठ्या जत्रा भरतात. 'पॅरिस फोटो' १९९७पासून भरते. तिथे गॅलऱ्या सही केलेल्या, मोजक्याच प्रती काढलेल्या छापील फोटोंचा व्यापार करतात. २०२३पासून तिथे डिजिटल कलेचाही वेगळा विभाग आहे. प्रत्येकाच्या खिशात हजारो फोटो साठले, तसं कागदावरच्या एका प्रतीला मोल आलं. आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ इतक्या लवकर स्थापन झाली, तरी फोटो विकत घेऊन भिंतीवर लावण्याची सवय काही रुजली नाही. गेल्या दशकात मात्र एक गोष्ट मला फार आवडली. २०१५मध्ये गोव्यात आणि २०१६मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या महोत्सवांनी फोटो दालनाबाहेर, येत्या-जात्या माणसांच्या वाटेवर आणले. फोटो असा वाटेत भेटावा, हे आपल्या जत्रेच्या स्वभावाला धरून आहे.

पण छायाचित्रणातला सगळ्यात मोठा बदल बघायचा, तर मेळघाटसारख्या जंगलातच यावं लागतं. १९७३मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले, त्या पहिल्या नऊंपैकी हा एक. तेव्हा वाघ मोजायचा तो पायाच्या ठशांवरून, काचेवर आणि कागदावर पंजा उतरवून. आज वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, झाडांना दोन ट्रॅप कॅमेरे समोरासमोर बांधतात. दोन अशासाठी, की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. ऊबदार काही हललं की कॅमेरा आपोआप चालतो. मागे माणूस नसतो. कल्पना जुनीच आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं तारेला पाय लागताच चालणारा कॅमेरा लावून शिवालिकच्या जंगलात वाघ टिपले होते आणि १९२७मध्ये त्यांचं पुस्तकही आलं. फरक आवाक्याचा आहे. २०२२च्या देशव्यापी गणनेत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लागले. त्यांत ४ कोटी ७० लाखांहून अधिक फोटो आले आणि त्यांतले वाघाचे होते ९७,३९९. चारशे-पाचशे फोटोंमागे वाघाचा एक. उरलेल्यात सांबर, रानडुक्कर, अस्वल, गुरं, वाऱ्यानं हललेलं गवत आणि माणसं.

यंत्राच्या या पद्धतीतूनही कला घडते. नयन खानोलकरांचा बिबट्या आठवा. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, वारली वस्तीच्या बोळातून तो निवांत चाललेला आहे. २०१६मध्ये लंडनच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत या फोटोला शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. त्यात बिबट्या मोठा करून दाखवलेला नाही. घरं आणि जनावर एका मापाची आहेत, म्हणून तो फोटो मनात राहतो.

याच स्पर्धेनं २००९च्या विजेत्या फोटोतला लांडगा माणसाळलेला असल्याचं म्हणत पुढच्या वर्षी बक्षीस काढून घेतलं होतं. २०२३मध्ये तर बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंतानं आपलं चित्र संगणकी बुद्धिमत्तेनं बनवलेलं आहे असं सांगून सोनीच्या स्पर्धेतलं पारितोषिक नाकारलं. फोटो खरा कसा मानायचा, हा प्रश्न आता सगळ्याच जत्रांच्या दारात उभा आहे. मला त्याहून जवळचा प्रश्न रानपिंगळ्याचा वाटतो. ११३ वर्षं कुणाला न दिसलेलं हे घुबड १९९७मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, नंतर मेळघाटातही. दिवसाउजेडी फिरतं, म्हणून फोटोवाल्यांचं लाडकं. काहीजण मोबाइलवर त्याचीच साद वाजवतात. हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो बिचारा घरटं सोडून धावत येतो. असा मिळालेला फोटो कितीही स्वच्छ असो, मी तो भिंतीवर लावणार नाही.

ओसरीतल्या त्या मुलाकडे पुन्हा येतो. जंगलात हे कॅमेरे बांधणाऱ्यांपैकी तो एक. कॅमेरा बांधला की तो चालतो का ते बघायला बांधणाराच समोरून चालत जातो, जागेचा क्रमांक लिहिलेली पाटी धरतो. म्हणजे कॅमेऱ्यांतल्या अनेक कार्डांवरचा पहिला फोटो त्याचा किंवा त्याच्या सोबत्यांचा. संगणक वाघ वेगळे काढतो, तेव्हा हे सगळे 'माणूस' या खात्यात जमा होतात. त्यांचे कागदावर फोटो कोण काढणार?

मी त्याचा एक काढला, सागाच्या खोडाला पट्टा आवळतानाचा. परतवाड्याला छापून घेतला आणि पुढच्या फेरीत नेऊन दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, बायकोला दाखवला, मग खिळा ठोकायला जागा शोधू लागला. भिंत कुडाची, खिळा धरेना. शेवटी त्यानं बापाच्या फोटोची चौकट खाली उतरवली, अंगातल्या सदऱ्यानं काच पुसली आणि आपला फोटो तिच्या कोपऱ्यात, प्लायवूडच्या वाघाच्या शेपटीवर, खोचून ठेवला.