पंप उतरवण्याआधी

जुनी टाटा 207 किंवा मेकॅनिकल पंपाची बोलेरो पिकअप न्यूट्रलमध्ये उभी आहे, ॲक्सिलरेटरवर कुणाचा पाय नाही, तरी इंजिनाचा आवाज आपोआप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. आता बंद पडणार असं वाटतं, तेवढ्यात ते परत उचल खातं. गॅरेजमध्ये याला हंटिंग म्हणतात आणि पुष्कळदा त्याचं निदानही ठरलेलं असतं: पंप गेला, उतरवून कॅलिब्रेशनला पाठवा. पंप उतरवायचा म्हणजे गाडी उभी, टायमिंग पुन्हा जुळवणं आलं, आणि पहाटे बाजार समितीत भाजी पोचवणाऱ्याला उभी गाडी परवडत नाही. हा निर्णय घाईचा आहे, असं माझं म्हणणं आहे. पंप दोषी असू शकतो. पण त्याच्यावर ठपका ठेवण्याआधी डिझेलमध्ये शिरणारी हवा तपासली पाहिजे, कारण तिची लक्षणं थेट पंपाच्या बिघाडासारखी दिसतात आणि तिच्या तपासणीला खर्च जवळजवळ नाही.

डिझेल इंजिनाचा वेग ठरतो तो प्रत्येक फवाऱ्यात किती डिझेल जातं त्यावर. डिझेलचं प्रमाण ठरवणारा पंपाचा रॅक एका जागी बांधून ठेवला, तर बिनओझ्याचं इंजिन स्थिर राहत नाही. जरा मंदावलं की बंद पडेपर्यंत मंदावतं, जरा वेग घेतला की घेतच जातं. म्हणून पंपात गव्हर्नर असतो. वेग वाढला की त्यातली फिरती वजनं बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात, वेग घटला की स्प्रिंग त्यांना आत ढकलून डिझेल वाढवते. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला हीच युक्ती जोडली होती. असा गव्हर्नर कधी स्थिरावतो आणि कधी स्वतःच हेलकावे वाढवतो, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 च्या निबंधात मांडलं. त्या गणितातून आपल्या पिकअपपुरतं एक कळतं. दुरुस्ती उशिरा पोचली की ती गरजेपेक्षा जास्त होते, मग उलट दिशेची दुरुस्तीही तशीच जास्त होते, आणि वेग वरखाली झुलत राहतो. तेव्हा हंटिंग दिसलं की विचारायचा प्रश्न हा, की गव्हर्नरचा हुकूम आणि इंजिनाचा प्रतिसाद यांच्यामध्ये उशीर कुठे होतोय? पंपाच्या आत काही अडकत असेल तर उशीर तिथे. पण डिझेलमध्ये हवा असेल, तर निर्दोष पंपाचीही तीच गत होते.

नोझल उघडायला साधारण दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. लाइनमध्ये बुडबुडा आला की प्लंजरचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि फवारा अर्धामुर्धा निघतो किंवा निघतच नाही. वेग पडतो, गव्हर्नर डिझेल वाढवतो. तोवर बुडबुडा पुढे सरकलेला असतो, वाढवलेलं सगळं डिझेल पेटतं आणि इंजिन उसळतं. मग गव्हर्नर हात आखडतो, आणि पुढचा बुडबुडा येतो. हवा शिरते कुठून? टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढलं जातं, तिथे दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तिथली चीर डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. म्हणून ‘पाइप कोरडा आहे, गळती नाही’ हा पुरावा या बाजूला चालत नाही, आणि फसगत नेमकी इथेच होते. तडकलेला रबरी पाइप, सैल क्लिप, हँड प्रायमरचं झिजलेलं सील, फिल्टरच्या वाटीची चपटलेली रिंग, बँजो बोल्टखाली पुन्हा वापरलेला तांब्याचा वॉशर हे नेहमीचे संशयित. एक खूण फार बोलकी आहे: टाकी भरलेली असताना गाडी शांत आणि डिझेल खाली गेल्यावर हंटिंग, तर टाकीतल्या ओढ पाइपला भोक पडलं आहे का, ते आधी पाहावं.

पाइप तपासायला घेण्याआधी एक फरक कानाने करता येतो. इंजिन मिनिटाला 750 फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला साडेबारा फेऱ्या होतात. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला सव्वासहा वेळा. एक सिलिंडर कमजोर असेल तर धक्के याच गतीने बसतात, ती जलद थरथर असते आणि मोजता येत नाही. हंटिंगचा हेलकावा संथ असतो. एक चढउतार व्हायला सेकंद-दोन सेकंद लागतात, तोंडाने मोजता येतो. थरथर असेल तर नोझल, कॉम्प्रेशन, नाहीतर इंजिनाचं माउंटिंग बघायचं. हेलकावा असेल तर हवा किंवा गव्हर्नर. दोन्ही एकत्रही येतात, पण कुठलं प्रबळ आहे ते ओळखल्याशिवाय पान्याला हात लावण्यात अर्थ नाही.

हवेचा निकाल लावणारी चाचणी साधी आहे. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन पंपापेक्षा उंच आणि गरम एक्झॉस्टपासून दूर टांगायचा, त्याचा पारदर्शक पाइप थेट पंपाच्या तोंडाला जोडायचा, एअर काढायची आणि काही मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. हंटिंग थांबलं, तर पंप सुटला. दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये आहे. मग फिल्टर, फीड पंप, टाकीचा पाइप असा एकेक भाग परत जोडत जायचं, ज्या जोडणीला हंटिंग परतेल तिथे चीर आहे. थांबलं नाही, तर पंपावरचा संशय आता रास्त आहे.

यावर अनुभवी मिस्त्री म्हणतील, पंप कॅलिब्रेट करून बसवला की हंटिंग जातं, हे आम्ही कैकदा पाहिलंय. ते खरंच आहे. पण पंप परत बसवताना वॉशर नवे पडतात, जोडण्या नव्याने आवळल्या जातात, एअर काढली जाते. दुखणं त्यातल्या कशाने गेलं, हे तेव्हा कोणी तपासत नाही; श्रेय मात्र कॅलिब्रेशनला मिळतं. शिवाय कॅलिब्रेशनच्या बेंचवर पंपाला हवामुक्त तेल मिळतं. तिथे उत्तम ठरलेला पंप जुन्या पाइपांवर परत येऊन पुन्हा झुलू लागला, तर त्यात पंप दुरुस्त करणाऱ्याची चूक नसते.

दुसरा आक्षेप वेळेचा: आयडलिंगचा स्क्रू थोडा चढवला की काम भागतं. भागतं, कारण वजनांचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि चढ्या वेगावर थोडीशी अडकण किंवा थोडी हवा झाकली जाते. आयडलिंग मुळात ठरलेल्या आकड्याच्या खाली असेल तर स्क्रू चढवणं हीच योग्य दुरुस्ती आहे. तसं नसेल तर चीर तशीच राहते, डिझेल जास्त जळतं, आणि रात्रभर उभ्या गाडीतलं डिझेल मागे उतरून सकाळी स्टार्टर फिरवत बसावं लागतं.

नव्या कॉमन रेल गाड्यांत गव्हर्नरचं काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, करतो. ओढ पाइपमधून हवा तिथेही तशीच शिरते, पण तपासाची रीत बदलते. जुन्या इंजिनात कमजोर सिलिंडर शोधायला नोझलचा नट किंचित सैल करून पाहतात, तेही चष्मा घालून आणि हात लांब ठेवून, कारण फवारा कातडीत घुसतो. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनावर तो नट सैल करायचाच नाही, तिथे स्कॅनर लावावा.