आंतरजालावर वैद्याचे नाव : प्रसिद्धी आणि राखण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणतिसाव्या अध्यायात प्राणाभिसर आणि रोगाभिसर असे वैद्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील रोगाभिसराचे वर्णन आजही मुद्दाम वाचावे असे आहे. कोणी आजारी पडल्याचे कळताच तो त्याच्याभोवती घिरट्या घालू लागतो, रुग्णाच्या कानी पडेल अशा बेताने स्वतःचे गुण मोठ्याने सांगतो, उपचार करणाऱ्या वैद्याचे दोष वारंवार काढतो आणि रुग्णाच्या मित्रमंडळींना आपलेसे करू पाहतो. आंतरजालावरील जाहिरातबाजीस हे वर्णन तंतोतंत लागू पडते.

यामुळेच आपल्यातील अनेक व्यवसायबंधूंनी आंतरजालाकडे पाठ फिरवली आहे. ही भूमिका आम्हांस मान्य नाही. रुग्ण आज वैद्याचा पत्ता भ्रमणध्वनीवर शोधतो. तेथे आपण स्वतः नसलो, तर आपल्या नावाने दुसराच कोणी दुकान मांडण्याचा संभव असतो. नाव हेच वैद्याचे आणि औषधालयाचे खरे भांडवल आहे. ते दोन वाटांनी जाते : अवास्तव दावे करून आपण ते स्वतः घालवतो, अथवा निष्काळजीपणामुळे चोर ते पळवतो. म्हणून प्रसिद्धी आणि सुरक्षितता या दोहोंचा विचार एकत्रच करावयास हवा.

काय सांगावे

गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. तेथे नाव, पदवी, पत्ता, वेळ व साप्ताहिक सुट्टी अचूक द्यावी. संकेतस्थळावर वैद्यकीय नोंदणी क्रमांकही द्यावा. दिवाळीत दवाखाना बंद असताना नकाशावर तो उघडा दिसला, तर दूरच्या गावाहून आलेल्या रुग्णाचा हेलपाटा होतो आणि दोष आपल्याकडे येतो. ही नोंद आपण ताब्यात घेतली असली, तरी तिच्यातील दूरध्वनी क्रमांक बदलण्याची सूचना कोणीही करू शकतो; सबब महिन्यातून एकदा ती तपासावी.

ऋतुचर्या, पथ्यापथ्य, अनुपान, औषध साठवण्याची रीत यांवर सोप्या मराठीत लिहिलेली चार पाने मोठ्या जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. औषधे विकणाऱ्यांनी घटकद्रव्ये, निर्मात्याचा परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत स्पष्ट दाखवावी. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार विक्रेत्याची ओळख व तक्रार कोठे करावी हे ग्राहकास कळणे आवश्यक आहे. पैसे देऊन अभिप्राय लिहवून घेऊ नयेत. प्रतिकूल अभिप्रायास उत्तर देताना रुग्णाचा आजार वा उपचार यांचा उल्लेख कदापि करू नये; आपली बाजू खरी असली तरी तो गोपनीयतेचा भंगच होय.

काय सांगू नये

औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा कायदा आंतरजालाच्या पुष्कळ आधीचा आहे. तथापि त्यातील जाहिरातीच्या व्याख्येत लेखी मजकुराबरोबरच तोंडी घोषणा आणि प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्याद्वारे केलेली घोषणाही येते. संकेतस्थळावरील पान आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील चित्रफीत या व्याख्येत सहज बसतात, असे आमचे मत आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार, रक्तदाब, हृद्रोग, लठ्ठपणा हे सर्व त्याच्या अनुसूचीत आहेत. या व्याधींवर अमुक औषध गुणकारी आहे, अशी जाहिरात करण्यास मनाई आहे. नोंदणीकृत वैद्यास आपल्या जागेवर अशा व्याधींच्या उपचाराची पाटी लावण्याची सवलत कायद्यात दिली आहे. पण ती जागेवरील पाटीपुरती आहे. पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर उतरवताना हा भेद ध्यानात ठेवावा.

औषध नियमावलीतील नियम १७० वरून गेल्या काही वर्षांत बराच गोंधळ झाला. जाहिरातीस पूर्वपरवानगी सांगणारा हा नियम २०१८ मध्ये आला आणि जुलै २०२४ मध्ये वगळण्यात आला. त्या वगळण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्थगिती दिली व ऑगस्ट २०२५ मध्ये ती उठवली. आता सर्व मोकळे झाले, असा याचा अर्थ काहीजण लावतात. तो चुकीचा आहे. १९५४ चा कायदा कायम आहे. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

अनुसूची ई(१) मधील द्रव्यांबाबत तर अधिकच दक्षता हवी. वत्सनाभ, भल्लातक, विषमुष्टी, धत्तूर, पारद, हरताळ, मनःशिला यांनी युक्त औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. ती सल्ल्यावाचून आंतरजालावरून घेऊ नयेत, असे आयुष मंत्रालयाने २०१६ मध्येच जाहीर केले होते. अशा कल्पाची बाटली एका कळीसरशी घरपोच जाणे ही रुग्णाच्या जिवाशी गाठ आहे. दूरस्थ सल्ला देणाऱ्या वैद्यांनी एप्रिल २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे संग्रही ठेवावीत.

नावाची राखण

१. संकेतस्थळाचे नाव स्वतःच्या नावे व स्वतःच्या ई-मेलवर नोंदवावे. ते संगणकवाल्याच्या नावे असल्यास त्याच्याशी बिनसताच आपली पाटी त्याच्या हाती जाते.

२. ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅप व नकाशावरील नोंद यांचे पासवर्ड निरनिराळे असावेत आणि द्विस्तरीय पडताळणी चालू ठेवावी. ओटीपी कोणासही सांगू नये. कर्मचारी काम सोडून गेल्यास त्याच दिवशी पासवर्ड बदलावेत.

३. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. सैन्यातील अधिकारी असल्याचे सांगून च्यवनप्राशाची मोठी मागणी नोंदवायची आणि आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करावयास लावायचा, ही फसवणुकीची परिचित तऱ्हा आहे. रक्कम जमा झाल्याचे चित्र वा संदेश पाहून माल सोडू नये, खाते पाहावे.

४. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड अशा नावांनी येणारी एपीके फाइल उघडू नये. बँकेचे संकेतस्थळ उघडताना पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे ना, हे पाहावे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना तसा पत्ता घेण्यास सांगितले.

५. रुग्णपत्रकांची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि कित्येक दिवस कामकाज हाताने लिहून चालवावे लागले. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. रुग्णाचे छायाचित्र वा अनुभव त्याच्या स्पष्ट संमतीवाचून प्रसिद्ध करणे आता सर्वथा टाळावे.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर संकोच न धरता तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची आशा अधिक. आपल्या नावाचे खोटे पान आढळल्यास त्याविरुद्ध राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावीच; पण दवाखान्याच्या दारावरही तशी सूचना लावावी. कारण त्या खोट्या पानावरून औषध मागवणारा मनुष्य आपल्यावरच्या विश्वासाने ते पोटात घेत असतो.

आमची सर्व वैद्य व औषधविक्रेते बंधू-भगिनींना विनंती आहे की, हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी आपले व आपल्या औषधालयाचे नाव एकदा आंतरजालावर शोधून पाहावे. त्या नावापुढे दिसणारा क्रमांक आपलाच आहे ना आणि त्याखाली लिहिलेला प्रत्येक दावा आपण रुग्णासमोर बसून करू शकू ना, एवढे ताडून पाहावे.