मुरलेले तंत्रज्ञान आणि नवा खेळ

जपानमधल्या क्योटो शहरातली निन्टेंडो ही कंपनी १८८९ साली निघाली ती हानाफुदा, म्हणजे फुलांच्या चित्रांचे पत्ते, तयार करण्यासाठी. गुनपेई योकोई १९६५ साली तिथे नोकरीला लागले. काम होते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. सवड मिळाली की ते काहीबाही करत बसत. अशाच फावल्या वेळात त्यांनी कैचीसारख्या पट्ट्या एकमेकींना जोडून लांब होणारा, टोकाशी पकड असलेला एक हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि खेळणे म्हणून बाजारात आणायला सांगितले. १९६६ सालचा हा 'अल्ट्रा हँड' दहा लाखांहून अधिक खपला. त्यात नवा म्हणावा असा एकही भाग नव्हता.

गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून किंवा हातात धरून खेळायचे यंत्र, बनवणाऱ्यांपुढे दर पाच-सात वर्षांनी एकच प्रश्न उभा राहतो. काहीतरी अपूर्व करायचे, की सगळ्यांच्या परिचयाचे भाग घेऊन थोडे अधिक वेगवान यंत्र काढायचे? चुकीच्या उत्तराची किंमत जबर असते. सेगाने 'ड्रीमकास्ट'च्या अपयशानंतर २००१ साली कन्सोलचा धंदाच सोडला. योकोईंचे उत्तर मला महत्त्वाचे वाटते ते यासाठी, की ते या दोहोंपैकी एकाही बाजूला सरळ जाऊन बसत नाही.

त्यांचे सूत्र असे : 'कारेता गिजुत्सु नो सुइहेई शिको'. 'कारेता' म्हणजे वाळलेले, सुकलेले. इंग्रजीत त्याचे शब्दशः भाषांतर झाल्यामुळे ते टाकाऊ मालाचे गुणगान वाटते. जपानी अभियंते मात्र हा शब्द वापरतात तो वर्षानुवर्षे वापरून खोडी कळलेल्या, भरवशाच्या आणि म्हणून स्वस्त झालेल्या तंत्रासाठी. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : मुरलेले. लोणचे मुरते तसे. तेव्हा सूत्र झाले 'मुरलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार'. वस्तू जुनी, पण ती जिथे कोणी वापरली नव्हती तिथे नेऊन ठेवायची.

सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या चढाओढीत कॅल्क्युलेटर अतिशय स्वस्त झाले आणि त्यांबरोबर एलसीडी पडदेही. आगगाडीत एक प्रवासी वेळ घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला पाहून योकोईंना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. १९८० पासून आलेले 'गेम अँड वॉच' चार कोटींहून अधिक विकले गेले. नव्वदच्या दशकात आपल्या जत्रांतून आणि खेळण्यांच्या दुकानांतून मिळणारा 'ब्रिक गेम' निन्टेंडोचा नव्हता, पण त्याच्या मागचे गणित हेच होते.

सूत्राची खरी परीक्षा १९८९ साली झाली. त्या वर्षी 'गेम बॉय' आला आणि अटारीचा 'लिंक्स'ही. पुढच्या वर्षी सेगाचा 'गेम गिअर'. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत होते, आतून उजळलेले होते. गेम बॉयचा पडदा शेवाळी हिरवट, त्यात चारच छटा, आणि मागे दिवा नसल्याने अंधाऱ्या जागी काही दिसत नसे. शेजारी शेजारी ठेवले तर गेम बॉय दरिद्रीच वाटावा. पण अमेरिकेत तो सुमारे ९० डॉलरला मिळे, लिंक्स १८० ला. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर पंधरा तास आणि कधी त्याहूनही जास्त चाले. इतर दोघे सहा सेल घेत आणि चार-पाच तासांत ते संपवत. सेलचा खर्च आईबापांच्या खिशातून जातो, ही गोष्ट जाहिरातीत दिसत नाही, घरात मात्र दर आठवड्याला दिसते. पुढच्या रंगीत आवृत्तीसह गेम बॉय ११ कोटी ८० लाखांच्या पुढे गेला. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

इथेच थांबलो तर हे योकोईंचे स्तोत्र होईल. १९९५ साली त्यांनीच 'व्हर्च्युअल बॉय' काढला. टेबलावर ठेवायचा, त्यात डोळे खुपसून बसायचे, आणि दिसायची ती काळ्यावर लाल, खोलीचा भास देणारी चित्रे. लाल एलईडी तेव्हा स्वस्त होते, निळे फार महाग. म्हणजे भाग मुरलेलेच. तरीही आठ लाखसुद्धा खपले नाहीत आणि वर्षभरात तो गुंडाळला गेला. १९९६ साली योकोईंनी कंपनी सोडली आणि ४ ऑक्टोबर १९९७ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, रस्त्यावरील अपघातात ते गेले.

या अपयशातून मला जी कसोटी दिसते ती साधी आहे. नवलाई काढून घेतली तर खेळ बदलतो का? व्हर्च्युअल बॉयवरचे बहुतेक खेळ सपाट पडद्यावरही तसेच खेळता आले असते. २०११ साली निन्टेंडोने 'थ्रीडीएस'मध्ये चष्म्याविना खोलीचा भास आणला. सहा महिन्यांच्या आत जपानमधली किंमत २५,००० येनवरून १५,००० वर आणावी लागली, आणि २०१३ साली कंपनीने तो भास काढून टाकलेले 'टूडीएस' विकायला ठेवले. खेळ तेच होते! उलट २००६ सालच्या 'वी'मध्ये हातातल्या कांडीची हालचाल ओळखणारा संवेदक होता. त्याच जातीचे संवेदक मोटारींच्या एअरबॅगमध्ये आधीपासून होते. आतले यंत्रही मागच्या पिढीच्या गेमक्यूबचेच सुधारलेले रूप. पण कांडी काढून घेतली तर टेनिस उरतच नाही. वी दहा कोटींच्या वर विकले गेले.

आता दुसरी बाजू, जी मला पूर्वी कमी दिसत असे : खेळ लिहिणाऱ्यांची. त्याच २००६ साली सोनीने 'प्लेस्टेशन ३'मध्ये आयबीएम आणि तोशिबाबरोबर घडवलेला 'सेल' प्रोसेसर घातला. तो शक्तिमान होता, पण त्याच्या तऱ्हा शिकण्यात प्रोग्रामरांची वर्षे गेली. महाग आवृत्ती ५९९ डॉलरची, आणि तरी सुरुवातीला सोनीला दर नगामागे तोटा. २०१३ च्या 'प्लेस्टेशन ४'मध्ये सोनीने सरळ साध्या संगणकाच्या घराण्यातला एएमडीचा प्रोसेसर घेतला. किंमत ३९९ डॉलर. त्याचा खप ११ कोटींच्या पुढे गेला. आधीच्याचा सुमारे पावणेनऊ कोटी होता. इथे रूढ मार्गाने दिले ते खेळ बनवणाऱ्यांना त्यांचा वेळ. वीला हीच गोष्ट भोवली. तिची ताकद इतकी कमी, की इतर कंपन्यांचे मोठे खेळ तिच्यावर आणणे जमेना. २०१२ सालचे 'वी यू' साडेतेरा लाख नव्हे, साडेतेरा दशलक्ष, म्हणजे एक कोटी पस्तीस लाखांवरच अडले.

२०१७ चे 'स्विच' या दोन्ही धड्यांतून आले आहे. आत एनव्हिडियाची दोन वर्षे जुनी चिप, जिच्यासाठी प्रोग्राम लिहिणे इतरांना सोपे. नवे एवढेच, की टीव्हीला जोडलेला खेळ तसाच उचलून बाहेर नेता येतो. त्याचा खप पंधरा कोटींवर गेला. जून २०२५ मध्ये आलेले 'स्विच २' पाहावे तर घडण तीच, पडदा मोठा, चिप वेगवान आणि नावापुढे फक्त आकडा. पहिल्या चार दिवसांत ते ३५ लाखांहून अधिक विकले गेले. आठ वर्षांत स्विचची कल्पनाच मुरली. योकोईंच्या कंपनीने या खेपेस आडवा विचार जवळजवळ टाळला आहे, आणि तूर्त तरी त्याचा पश्चात्ताप करायला तिला कारण नाही.