होमाची रक्षा आणि बागेतील माती



होमानंतरची रक्षा पवित्र मानून काही भाविक ती मंदिराच्या बागेतील जास्वंदीच्या मुळाशी घालतात. भावना वंदनीय आहे. तथापि झाडास त्यामुळे अपाय होतो.

मातीची आम्लता वा विम्लता ‘सामू’ या अंकाने मोजतात. ७ हा अंक उदासीन. त्याखालील माती आम्लधर्मी, वरील विम्लधर्मी. सामू एका अंकाने वाढला की आम्लता दहापटीने घटते.

आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत चुन्याचा अंश असून तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. जास्वंदीस साधारणतः ६ ते ७ मानवतो. सामू वाढल्यास मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. रक्षा स्वतः विम्लधर्मी असल्याने हा दोष बळावतो. कोकण-गोव्याच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत मात्र तीच बेताने घातल्यास उपकारक ठरते.

म्हणून रक्षा झाडांना न घालता पुजाऱ्यांकडे द्यावी. झाडांना निर्माल्याचे पूर्ण कुजलेले खत घालावे. गंधक मातीपरीक्षणानंतरच वापरावे. श्रींच्या चरणी वाहावयाचे फूल निरोगी झाडावरच उमलते.

— सचिव, मंदिर न्यास