शरीर की शेत? एका गणिती संज्ञेची कुळकथा

बीजगणिताच्या इंग्रजी पुस्तकांत ‘फील्ड’साठी अनेकदा ‘के’ हे अक्षर वापरलेले दिसते. फील्डचे आद्याक्षर तर एफ, मग हा ‘के’ कुठला? तो आहे जर्मन ‘क्योर्पर’चा. क्योर्पर म्हणजे शरीर.

हे नाव रिखार्ड डेडेकिंड यांनी १८७१ साली, डिरिखले यांच्या संख्याशास्त्रावरील व्याख्यानांच्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या परिशिष्टात दिले. ज्या संख्यासमूहात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि (शून्य वगळून) भागाकार करूनही उत्तर समूहाबाहेर जात नाही, तो क्योर्पर. पूर्णांकांना हा मान नाही. एकाला दोनाने भागले की त्यांना अपूर्णांकाच्या दारी जावे लागते. परिमेय संख्यांना तो आहे. त्यांत √२ मिसळला तरी नवे शरीर घडते: १ ला (१ + √२) ने भागा, उत्तर येते √२ − १. घरातलेच.

पण शरीरच का? १८५७-५८ मध्ये ग्योटिंगेनला शिकवताना डेडेकिंड यांनी याच कल्पनेला ‘परिमेय प्रदेश’ अशा अर्थाचे नाव दिले होते. म्हणजे जमिनीची उपमा हाताशी असून त्यांनी ती टाकली. पुढे त्यांनी खुलासाही केला: निसर्गविज्ञानात, भूमितीत, समाजजीवनात हा शब्द काहीएक पूर्णत्व, आपल्यातच मिटलेपण असणाऱ्या व्यवस्थेसाठी वापरतात. शब्दाचे मूळ लॅटिन ‘कॉर्पस’. आपले ‘कॉर्पोरेशन’ही त्याच कुळातले, तिथे पूर्णत्व कितपत, ते सोडून देऊ.

फ्रेंच, स्पॅनिश, पोलिश, हंगेरियन गणितज्ञांनी शरीर राखले. अमेरिकेत ई. एच. मूर यांनी १८९३ मध्ये ‘फील्ड’ म्हटले आणि इंग्रजी पुन्हा जमिनीवर आली. मराठीत आपण ‘क्षेत्र’ म्हणतो तो या इंग्रजी शब्दाचाच अनुवाद. मला हा तोटा वाटतो. क्षेत्र म्हटले की विद्यार्थ्याला शेत आठवते, तीर्थस्थान आठवते, क्षेत्रफळ तर हमखास; संज्ञेचा गाभा असलेले मिटलेपण मात्र आठवत नाही. शेताचा बांध कोणीही ओलांडतो.

गंमत अशी, की गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीरालाच क्षेत्र म्हटले आहे, आणि ज्ञानेश्वरीने त्याचा ऐसपैस विस्तार केला आहे. इंग्रजीच्या वाटेने आलेल्या शब्दात डेडेकिंड यांचा अर्थ आपल्याकडे आधीपासूनच होता. वर्गात ‘क्षेत्र’ शिकवताना शेताऐवजी तेराव्या अध्यायापासून सुरुवात करायला हरकत नाही.