परिचारिकेचा पाठ

परिचारिका म्हटली, की ताप पाहणारी, औषध देणारी, जखम बांधणारी सेविका डोळ्यांपुढे उभी राहते. हे चित्र खोटे नाही; पण अपुरे आहे. परिचारिका ही शिक्षिकाही असते. रोगी आणि त्याच्या घरची माणसे हे तिचे विद्यार्थी.

क्षयरोगाचेच उदाहरण घ्यावे. या रोगाचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ साली शोधून काढले. कारण कळले, तरी लोकांच्या मनांतील भीती अजून पुरती गेलेली नाही. घरात कोणाला क्षय झाला, की त्याची ताट-वाटी वेगळी होते, त्याच्याजवळ कोणी बसेनासे होते. आणि त्याच्या खोलीच्या खिडक्या मात्र ‘वारा लागू नये’ म्हणून घट्ट लावून घेतल्या जातात! जे करू नये ते होते आणि करावयाचे तेच राहून जाते.

ही उलटी समजूत परिचारिका सुलटी करते. फुप्फुसांचा क्षय झालेला मनुष्य खोकला किंवा शिंकला, की जंतूंनी भरलेले अतिसूक्ष्म कण हवेत उडतात. कोंदट खोलीत ते कित्येक तास तरंगत राहतात आणि इतरांच्या श्वासाबरोबर आत शिरतात. वारा खेळता असला, की ते पांगतात. म्हणून खिडकी उघडी हवी, खोकताना तोंडावर रुमाल हवा, थुंकी झाकणाच्या भांड्यातच पडावयास हवी. एका ताटात जेवल्याने किंवा हात हाती घेतल्याने हा रोग होत नाही. तेव्हा रोग्याला पंगतीतून उठविण्याचे काहीच कारण नाही.

‘समजले ना?’ असे विचारले, की संकोचाने सारेच मान डोलवितात. चांगली परिचारिका हे जाणून असते. ती रोग्याच्या आईला म्हणते, ‘मावशी, घरी गेल्यावर काय काय कराल, ते आता तुम्हीच मला सांगा बरे.’ सांगताना मावशी जेथे अडतात, तेथे ती पुन्हा समजावून देते.

सर्वांत कठीण पाठ औषधाचा. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयावरही साधारणतः सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. पण एक-दोन महिन्यांतच खोकला थांबतो, भूक लागते आणि ‘आता गोळ्या कशाला?’ असे वाटू लागते. औषध मध्येच सोडले, तर उरलेले जंतू त्याच औषधाला जुमानीनासे होतात. मग ते घरातील दुसऱ्या कोणाला जडले, तर त्याच्यावरही ते औषध चालत नाही. म्हणून रोज गोळी घेतल्यावर दिनदर्शिकेवर खूण करण्याचे काम परिचारिका कधी कधी घरातील शाळकरी मुलाकडे सोपविते. पुढे ती घरी आली, की तिची नजर आधी खिडकीकडे जाते आणि मग त्या खुणांकडे.